साडेबाराचा भोंगा

माझ्या लग्नाच्या जेवणात काका भरल्या ताटावरून उठून गेले. नवऱ्याच्या मित्रांनी ते गाणं लावलं होतं. पहिले ठोके पडले तेव्हा काका घास तोंडाकडे नेत होते. तो त्यांनी परत ताटात ठेवला, हात न धुता मागच्या दाराने बाहेर पडले आणि गाणं संपेपर्यंत सायकल स्टँडपाशी उभे राहिले. सासरच्या लोकांना वाटलं, मानपानात काही कमी पडलं. मी सांगितलं, "त्यांना मोठा आवाज सहन होत नाही." ज्या माणसाने अर्धं आयुष्य कारखान्याचा भोंगा वाजवला त्याला मोठा आवाज सहन होत नाही! पण तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

ते गाणं तुम्ही ऐकलंय. नाही म्हणालात तरी ऐकलंय. हार्ड रॉक कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांचेही पाय त्यावर हलतात. आधी नुसते ठोके येतात, धप्, धप्, धप्, एका चालीत, कंटाळा येईपर्यंत. मग एक ठोका लागोपाठ दोनदा पडतो. धप्-धप्प. मग शांतता. मग भोंगा, तुटक तुटक, सात वेळा, आणि तिसऱ्या भोंग्यावर गिटार अंगावर धावून येते. त्या शांततेत मैदानातले पन्नास हजार लोक श्वास रोखून उभे राहतात आणि भोंगा झाला की एकदम उड्या मारतात. मॅचच्या आधी ते गाणं लावतात, जिममध्ये लावतात, टायरच्या जाहिरातीत लावतात. मी दवाखान्यात रक्त काढते, लोकांचं, पगार घेऊन. तिथल्या वॉचमनच्या फोनची रिंगसुद्धा तीच आहे. ड्रम शिकणारी मुलं तो दुहेरी ठोका जमावा म्हणून महिनोन् महिने घासतात. त्या एका ठोक्यावर जाणकारांची तास-तासभर व्याख्यानं आहेत.

त्यातला भोंगा आमच्या काकांनी वाजवलेला. हे सगळ्या वस्तीला माहीत होतं आणि वस्तीला त्याचा अभिमानही होता. अभिमान नव्हता तो फक्त काकांना.

आमची वस्ती झाकणांच्या कारखान्याला चिकटून होती. पत्र्याच्या डब्यांची झाकणं, लहान-मोठी, लाखांनी. प्रेसवर बसलेल्या माणसाने पत्रा सरकवायचा, पायाखालचं पेडल दाबायचं, वरून घण पडायचा, झाकण बाहेर. परत पत्रा, परत पाय. पाय एकदा तर घण एकदा, असा हिशेब. माझे बाबा सात नंबरच्या प्रेसवर होते आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे काका, बॉयलरवर. बॉयलरच्या वाफेवर भोंगा होता आणि त्याची दोरी काकांच्या हातात. लांब एक म्हणजे पाळी सुरू, पाळी संपली किंवा जेवणाची सुट्टी. तुटक सात म्हणजे अपघात. ही भाषा आम्हा पोरांना बाराखडीच्या आधी यायची.

जेवणाचा भोंगा साडेबाराला. पण मालाची घाई असली की सुपरवायझर बॉयलरखोलीत डोकवायचा आणि म्हणायचा, "आज जरा गीळ." मग काका दोरीला हात लावायचे नाहीत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. प्रेसवरच्या माणसाकडे घड्याळ नसायचं, तो भोंग्याच्या भरवशावर पाय हलवत राहायचा. इकडे घराघरांतून बायका म्हणायच्या, "गिळला वाटतं भोंगा." सगळे हसायचे. नोकरी म्हटलं की एवढं चालायचंच.

बाबांची मला फार आठवण नाही. मी सहा वर्षांची होते. एक आठवतं, ते म्हणायचे, "माझ्या प्रेसला उचकी लागते." पाय एकदा दाबला तरी घण कधी कधी दोनदा पडायचा. मी विचारायचे, "तिची कोण आठवण काढतं?" ते म्हणायचे, "यमराज." आई रागावायची. सुपरवायझरला त्यांनी तीनदा सांगितलं होतं म्हणे. तो म्हणाला होता, पाणी पाज तिला.

बाबा कसे गेले ते मला आईने सांगितलं, आणि एकदा नाही, उठता-बसता सांगितलं. साडेबाराला भोंगा झाला, सगळे उठले, हे उठले नाहीत. दोन झाकणं जास्त काढायची हाव. अडकलेला पत्रा काढायला हात आत घातला आणि स्वतःचाच पाय पेडलवर पडला. दवाखान्यात पोचेपर्यंत अंगात रक्त उरलं नव्हतं. चौकशीत तसंच लिहिलं गेलं: सुट्टीच्या वेळात, परवानगीशिवाय, स्वतःच्या चुकीने. सुट्टी झाली होती याला साक्ष काकांची. भोंगा त्यांनी वाजवला, साडेबाराच्या ठोक्याला. सख्खा भाऊच सांगतोय म्हटल्यावर बाकी कोण काय बोलणार.

मी एखादी गोष्ट दुसऱ्यांदा मागितली की आई म्हणायची, "बापावर गेलीस." पेन्सिल दुसरी मागितली तरी बापावर. शाळेच्या सहलीला जायचं म्हटलं तरी बापावर. मी हावरट माणसाची मुलगी आहे हे ऐकत मी मोठी झाले, आणि खोटं कशाला बोलू, मला त्या माणसाची लाज वाटायची. त्यांचा एकुलता एक फोटो मी लग्नानंतर माझ्या घरी नेला नाही.

घर काकांनी सांभाळलं. बाबा गेल्यावर दोन महिन्यांत ते कायम झाले, आईलाही कारखान्यात पॅकिंगला घेतलं. काकांनी लग्न केलं नाही. माझं दप्तर, माझी सायकल, माझं लॅब टेक्निशियनचं शिक्षण, सगळं त्यांचं. माणूस तसा गमतीदार. आंधळ्या कोशिंबिरीत डोळे बांधूनही मला बरोबर शोधायचे, म्हणायचे तुझी चप्पल बोलते. पण एका बाबतीत भयंकर हट्टी. साडेबाराला ताट समोर पाहिजे. साडेबारा म्हणजे साडेबारा. एक मिनिट उशीर झाला की चमच्याने पाट बडवायचे, चेहरा पांढरा पडायचा. आई कामावर असेल तर स्वतः वाढून घ्यायचे, आणि मी समोर बसलेच पाहिजे. ताप असो, परीक्षा असो. मी म्हणायचे, कारखाना डोक्यात गेलाय यांच्या.

आता त्या चार पोरांबद्दल. कारखान्याच्या भिंतीला लागून एक बंद पडलेलं रंगाचं गोदाम होतं. ते त्यांनी सरावासाठी घेतलं होतं, कारण तिथे त्यांच्या गोंगाटाची तक्रार करायला कोणी नव्हतं. उलट कारखान्याच्याच गोंगाटाने ती बेजार. भिंतीपलीकडे सात नंबरची प्रेस. तिच्या ठोक्यांनी त्यांचे कप टेबलावरून सरकायचे. शेवटी ड्रम वाजवणाऱ्याने हात टेकले आणि प्रेसच्याच चालीवर वाजवायला लागला. त्याला ढोल्या म्हणायचे. बाबा गेले त्याच दुपारी त्यांचं रेकॉर्डिंग चालू होतं आणि भोंगा त्यात आला. वर्षभराने गाणं बाहेर पडलं आणि मग ते काही थांबलं नाही. पोरं मोठी झाली, परदेशात गेली, एक दारूने मेला, दोघं एकमेकांवर खटले भरून बसले. गाणं मात्र ठणठणीत.

कारखाना बंद पडला. तिथे मॉल झाला. पाडापाडीत बॉयलर भंगारात गेला, पण भोंगा मॉलवाल्यांनी ठेवला, पॉलिश केला आणि दारात काचेच्या पेटीत बसवला. काकांना कधी कोणी साधी खुर्ची दिली नाही, भोंग्याला काचेचं घर मिळालं. शेजारी पोरं फोटो काढतात. काका बाजारात जाताना लांबच्या रस्त्याने जायचे.

आणि गेल्या वर्षी, गाण्याला चाळीस वर्षं झाली म्हणून, ढोल्या आमच्या घरी आला.

रविवार होता, अकराचा सुमार. मी माहेरी आले होते. नाव ढोल्या, पण अंगावर मूठभर मांस नाही, दोन्ही कानांत ऐकायची यंत्रं. अगदी नम्र माणूस. चपला बाहेर काढल्या, आईला वाकून नमस्कार केला. मॉलच्या पटांगणात मोठा कार्यक्रम होता. काकांनी स्टेजवर येऊन भोंग्याची दोरी ओढावी अशी त्याची इच्छा. काका म्हणाले, "माझे गुडघे दुखतात." ढोल्या हसला. "दादा, तुमच्यासाठी एक भेट आणलीय," म्हणाला. "त्या दिवसाची पूर्ण टेप सापडली. न कापलेली. बावीस मिनिटं. अजून कोणी ऐकलेली नाही. पहिल्यांदा तुम्ही ऐका."

काका उठले, पण ढोल्याची खुर्ची दारात होती.

आधी नुसती खरखर. मग पोरांचे आवाज. कोणी काडेपेटी मागतंय, कोणी कोणाच्या बहिणीवरून चिडवतंय. आणि मागे प्रेस, धप्, धप्, धप्. ढोल्या मध्येच म्हणाला, "ऐका, ऐका, आम्ही वाजवतच नाही आहोत. गप्पा मारतोय. हे सगळे ठोके प्रेसचे." आम्ही ऐकत राहिलो. आई भाजी निवडत होती. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मग टेपवर एक पोरगा म्हणाला, "वाजले किती रे? भूक लागली."

"साडेबारा कधीच होऊन गेले."

"मग भोंगा कसा नाही?"

"गिळला असेल." आणि सगळे हसले.

धप्. धप्. धप्. मग धप्-धप्प. मग ती शांतता, जिच्यात पन्नास हजार लोक श्वास रोखतात. गाण्यात ती छोटी आहे. टेपवर खूप मोठी होती. मग तुटक सात. तिसऱ्यावर गिटार, आणि गिटारीच्या वर तरुण ढोल्याचा आनंदाने फाटलेला आवाज, "हे ठेव! हे ठेव!"

ढोल्याने बटण बंद केलं. लाजत म्हणाला, "आता लपवून काय करू? तो दुहेरी ठोका माझा नाहीच. लोक मला त्याच्यासाठी डोक्यावर घेतात. मी आयुष्यभर हो हो म्हणत आलो. तो त्या प्रेसचाच. काय जागा घेतलीय बघा!"

ती उचकी होती. पाय एकदा, घण दोनदा. प्रेस बंद नव्हती, सुट्टी झाली नव्हती, भोंगा वाजलाच नव्हता. ज्या तालावर सगळं जग नाचतं तो माझ्या बापाच्या पायाचा ताल होता, आणि शेवटच्या ठोक्यापर्यंत तो माणूस इमानाने काम करत होता. आणि हे पुरावा म्हणून कुठे तिजोरीत नव्हतं. वॉचमनच्या फोनमध्ये होतं.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही लिहून दिलंत, साडेबाराला वाजवला म्हणून."

काका भिंतीला टेकले होते. "गीळ म्हणाला होता," ते म्हणाले. "दहा मिनिटं म्हणाला. आठ झाली होती. मी दोरी धरून उभा होतो गं. हातात दोरी होती."

"मी साक्षीचं विचारतेय!"

"साहेब लिही म्हणाले. नाहीतर तुला कामावरून काढतो, खोलीही सोडा म्हणाले. तू सहा वर्षांची. दादा तर गेलाच होता. मला वाटलं, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो."

"फरक आम्हाला पडला ना! आईने जन्मभर त्यांना हावरट म्हटलं, तुमच्या देखत. एकदा तरी तोंड उघडायचं होतंत!" मी आईकडे वळले. ती कोसळेल असं मला वाटत होतं. तिला धरायला मी हातसुद्धा पुढे केला. "आई, ऐकलंस का? बाबांची चूक नव्हती."

आई भाजी निवडत होती. हात थांबले नव्हते.

"मला काय सांगतेस," ती म्हणाली. "मी ताट घेतलं नव्हतं."

मला कळलं नाही.

"भोंगा झाला की हे घरी जेवायला यायचे, मी ह्यांचं ताट वाढायला घ्यायची. त्या दिवशी घड्याळात साडेबारा होऊन गेले, मी म्हटलं, भोंगा नाही अजून, आत्ताच घेऊन काय करू, गार होईल. मग एकदम सात झाले. माझं ताट फळीवरच होतं." तिने एक काडी मोडून बाजूला टाकली. "सगळ्या वस्तीने ऐकलं होतं. म्हणजे ऐकलं नव्हतं. प्रत्येक घरात ताटं फळीवर होती. कोण बोललं? सगळ्यांची घरं त्या कारखान्यावर. आणि मला पॅकिंगला घेणार होते."

"मग हावरट का म्हणायचीस त्यांना?"

"नाहीतर भावोजींच्या हातचं खाता आलं असतं का आपल्याला?" ती माझ्यावरच ओरडली. "एकाला तरी दोष द्यायला हवा होता. जिवंत माणसाला देऊन कसं चाललं असतं? तू शिकलीस ना?"

ढोल्या दारात चपला घालत होता आणि त्याला एक चप्पल सापडत नव्हती. तो रडत होता. मला त्याची दया आली नाही. काकांचीही आली नाही. आईची आली असती, पण तिला ती नको होती.

मी ढोल्याला एकच गोष्ट मागितली. काचेच्या पेटीखाली एक पाटी होती, तिच्यावर एक ओळ घालायची: हा ताल सात नंबर प्रेसवरच्या कामगाराचा, तो सुट्टीआधी कामावर असताना गेला, चूक त्याची नव्हती. त्याने माझे दोन्ही हात धरून शब्द दिला. कार्यक्रमात स्वतः माईकवरून सांगतो म्हणाला. काकाही म्हणाले, "मी येतो. मी सांगतो. साक्ष मी दिली, मीच फिरवतो." त्या रात्री त्यांना ताप भरला, पण शब्द मागे घेतला नाही. पंधरा दिवस ते वाक्य घोटत होते. न्हाणीघरातून त्यांचा आवाज यायचा: मी भोंगा वाजवला नव्हता. मी भोंगा वाजवला नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी आईने कपाटातली चांगली साडी काढली. स्टेज मॉलच्या दारातल्या भोंग्याच्या पेटीला लागूनच होतं, आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. पेटीखाली नवी पाटी होती, तिच्यावर फुलं. मी उठून वाचली. "कारखान्यातील अनाम कष्टकऱ्यांना अर्पण." अनाम! तीन गल्ल्या पलीकडे त्याची बायको राहते, तिला विचारलं असतं तर नावासकट आडनाव सांगितलं असतं. मी ढोल्याला गाठलं. तो नजर चुकवत होता. "मॉलच्या वकिलांनी अडवलं," म्हणाला. "आणि बघा ना, सणासारखा दिवस आहे, लोक मजा करायला आलेत. दादा बोलतीलच की."

काकांना स्टेजवर नेलं. इस्त्रीचा सदरा, हातात काठी. निवेदिका ओरडली, "गाण्याचा खरा हिरो!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. काकांनी माईकसाठी हात पुढे केला. तिला वाटलं, ते हात मिळवताहेत. तिने तो हात धरला, हलवला आणि त्यात दोरी दिली.

दोरी नुसतीच होती. वाफ नव्हती, बॉयलर नव्हता. भोंग्याचा आवाज स्पीकरमधून यायचा होता, गाण्यातलाच. हे काकांना कोणी सांगितलं नव्हतं.

ठोके सुरू झाले. लोक पाय आपटायला लागले, खुर्च्या हलायला लागल्या. मग धप्-धप्प. मग शांतता. काकांनी काठी खाली टाकली, दोन्ही हातांनी दोरी धरली आणि ओढली. सोडली नाही. गुडघे वाकवून, सगळं वजन टाकून, एकच, लांब. जेवणाचा.

स्पीकरमधून तुटक सात वाजले. सगळं पटांगण हवेत उडालं. काका वर भोंग्याकडे बघत होते, दोरी तशीच धरून, आणि त्यांचं तोंड हलत होतं. मला पाठ होतं ते काय म्हणत होते, पण तिथे कोणालाच ऐकू येणं शक्य नव्हतं.

आईने माझं मनगट पकडलं. तिला ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं.

"एकच ओढलाय त्यांनी," ती माझ्या कानाशी म्हणाली. "लांब."

"हो."

"तेव्हा ओढला असता," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला. "ताट घ्यायला कितीसा वेळ लागतो मला."

ती उठली. मला घरी ने म्हणाली. पण आमच्या चारी बाजूंनी लोक उड्या मारत होते, आणि गाणं संपेपर्यंत आम्हाला तिथून बाहेर पडता आलं नाही.